इनामगावचे उत्खनन : अलिखित भूतकाळाचे वाचन

महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांपासून सुरू करण्याची प्रथा इतिहासलेखनात दीर्घकाळ रूढ होती. शिलालेख व नाणी हाती लागतात तेथूनच इतिहास मोजावयाचा, हा त्यामागील संकेत. या संकेताला छेद देण्याचे कार्य पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केले. १९३९ साली ही संस्था पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून नव्याने उभी राहिली आणि त्याच वर्षी डॉ. ह. धी. सांकलिया तेथे रुजू झाले. जोर्वे (१९५०-५१) व नेवासे (१९५४-५६) येथील उत्खननांनी दख्खनमधील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे अस्तित्व सिद्ध केले. तथापि त्यांचे संपूर्ण गाव कसे होते, या प्रश्नाचे उत्तर इनामगावने दिले.

इनामगाव हे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, भीमेची उपनदी असलेल्या घोड नदीच्या काठी आहे. महाराष्ट्रातील शेतकरी 'काळी' आणि 'पांढरी' असा जमिनीचा भेद करतो. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. शतकानुशतके साचलेली राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती यांनी पांढरीचे टेकाड बनते. पुरातत्त्वज्ञ नेमके हेच टेकाड शोधतो. खजिना शोधणाऱ्याची त्याची लोकप्रिय प्रतिमा येथे अगदीच निरुपयोगी ठरते.

१९६८ ते १९८३ या काळात डॉ. म. के. ढवळीकर, सांकलिया व अन्सारी यांच्या मार्गदर्शनाखाली येथे विस्तृत उत्खनन झाले. केवळ एक उभा खड्डा घेतल्यास काळाचा क्रम कळतो, परंतु गाव कळत नाही. म्हणून येथे आडवे, विस्तीर्ण क्षेत्र उघडण्यात आले. थरांचा क्रम, खापरांचे प्रकार व कार्बन-१४ पद्धती यांच्या साहाय्याने तीन कालखंड निश्चित झाले : माळवा (सुमारे इ.स.पू. १६००-१४००), पूर्व जोर्वे (१४००-१०००) आणि उत्तर जोर्वे (१०००-७००). सव्वाशेहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. जमिनीतील वर्तुळाकार खड्डे ही धान्याची पेवे होत आणि मातीचे गोल ओटे हे कणग्यांचे बैठे होत, हे ओळखण्यास आजच्या खेड्यातील घरांचे निरीक्षण उपयोगी पडले. जळालेल्या धान्यकणांवरून जव, गहू व मसूर यांची शेती सिद्ध झाली. पुराचे पाणी वळवून साठविण्यासाठी खोदलेला पाट व बांध हे सामूहिक श्रमाचे गमक मानले गेले.

सर्वाधिक बोलके आहेत ते दफनविधी. घराच्या जमिनीखाली मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत पुरले जाई. प्रौढांना उत्तर-दक्षिण आडवे ठेवीत, मात्र घोट्याखालील पाऊल तोडून. मृताने परत चालत येऊ नये, हा त्यामागील हेतू असावा, असे उत्खननकर्त्यांनी सुचविले. अनुमान आकर्षक आहे. पण ते अनुमानच आहे, हे विसरता कामा नये. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या मोठ्या मृत्तिकाकुंभात मांडी घातलेल्या स्थितीत एक पुरुष सापडला. त्याची पावले तोडलेली नव्हती. घरालगत धान्याचे कोठार होते. यावरून तो गावप्रमुख असावा आणि समाजात उच्चनीचता आली असावी, असा निष्कर्ष निघाला. एका अपवादात्मक दफनावर संपूर्ण समाजरचना उभारताना सावधगिरी आवश्यक ठरते.

उत्तर जोर्वे काळात चौकोनी घरांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतली, मातीची भांडी ओबडधोबड झाली, शिकारीवरील भर वाढला. पर्जन्यमान घटल्याने शेतकरी भटक्या पशुपालनाकडे वळले, ही ढवळीकरांची मांडणी. अवर्षणप्रवण शिरूर परिसर पाहणाऱ्यास ती सहज पटते, आणि नेमकी म्हणूनच ती तपासून पाहणे इष्ट होते. १९८८ साली उत्खननाचा अहवाल प्रसिद्ध झाल्यानंतरही सांगाड्यांचे अध्ययन चालू राहिले. जॉन लुकाक्स व सुभाष वाळिंबे यांनी दातांवरील खुणांवरून आहार व आरोग्याचा मागोवा घेतला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बालकांच्या सांगाड्यांची वाढ तपासली आणि वस्त्या ओस पडण्याचे कारण म्हणून हवामानाच्या आपत्तीचा सरसकट आधार घेण्यावर आक्षेप नोंदविला. शेतीची पद्धती, संस्कृती व स्थानिक पर्जन्य यांचाही वाटा त्यांनी पुढे आणला. घराच्या जमिनीखाली कुंभांत ठेवलेल्या मुलांची हाडे अशा रीतीने तीन सहस्रकांनंतर वादातील प्रमुख साक्षीदार ठरली.