आजोबा शांत झोपलेत

मुलुंड पूर्वेचा छोटा फ्लॅट. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा, मुलगा-सून, ब्युरोकडून बारा-बारा तासांसाठी येणाऱ्या दोन मावशी. प्रसंग जुळवलेला आहे. शरीरात घडतं ते मात्र असंच.

शनिवार, रात्री ९ : उरले ३२ तास
नाक वाहतंय म्हणून केमिस्टकडून सर्दीची गोळी. तिच्यातलं क्लोरफेनिरामिन मूत्राशयाचं आकुंचन मंदावतं, फेनिलेफ्रिन त्याचं तोंड आवळतं. त्यात प्रोस्टेट वाढलेली.

रविवार, पहाटे ४ : २५ तास
आजोबा सारखे बाथरूमपर्यंत जातात, तसेच परततात.

सकाळी ८ : २१ तास
ड्युटी बदलते. "रात्रभर झोपू दिलं नाही," एवढंच सांगून रात्रीच्या मावशी लोकल गाठायला पळतात. बाथरूमच्या खेपांचं सांगायचं राहतं.

दुपारी १ : १६ तास
आजोबा पायजमा ओढून काढतात, ताट भिरकावतात, मावशींचा हात पिरगाळतात. शब्द हरवलेल्या माणसाने आणखी कसं सांगायचं? सून डायपर बांधते. तासाभरात तो ओला होतो आणि अख्खं घर फसतं. लघवी होतेय की! खरं तर गच्चीवरची टाकी ओसंडावी तसं तुडुंब मूत्राशय नुसतं गळतंय. लघवी तुंबल्याने भ्रमिष्ट झालेले आणि नळी घालताच भानावर आलेले वृद्ध ब्लॅकबर्न आणि डन या डॉक्टरांनी १९९० मध्येच नोंदवले होते. तपासणी फार मोठी नाही : बेंबीखाली हात ठेवून पाहायचं.

दुपारी ४ : १३ तास
तो हात मावशींनी ठेवला. "ताई, आजोबांचं ओटीपोट कडक लागतंय."
"गॅस असेल मावशी, हिंग लावा."

रात्री ८ : ९ तास
डॉक्टरांना फोन. "फार अंगावर येतात हो." पोटाचा विषय निघत नाही, मावशी घरी निघाल्यात. झोपेची गोळी मिळते.

रात्री ११ : ६ तास
आजोबा शांत. घराला हायसं वाटतं. माझ्या मते सगळ्यांत वाईट तास हाच. तुंबलेल्या लघवीतले जंतू रक्तात उतरलेत. श्वास मिनिटाला २६, पण मोजणार कोण? अंगात ताप नाही; म्हातारपणी सेप्सिसमध्ये तो येतोच असं नाही.

सोमवार, पहाटे ५
अंग गार, घामेजलेलं. हाकेला ओ नाही. १०८ला फोन.

पहाटे ५.५०, कॅज्युअल्टी
वरचा रक्तदाब ७०. नळी घालताच पिशवीत सव्वा लिटर गढूळ लघवी. आयसीयूत खाट शोधायला माणूस धावतो.
"शेवटची नीट लघवी कधी झाली होती?" डॉक्टर विचारतात.
"होतच होती," सून म्हणते. "दिवसभर डायपरच बदलत होतो."