जड धातू, पाणी आणि ‘हरित’ द्रावक: एका विशेषणाचा इतिहास

बंगळुरूच्या जयनगर वसाहतीची पायाभरणी १९४८ साली झाली. शेजारच्या बसवनगुडीत उगम पावणारी वृषभावती नदी शहराच्या विस्ताराबरोबर सांडपाण्याचा प्रवाह बनली. तेच पाणी पुढे अर्कावतीतून कावेरीला मिळते. पाण्यातील सेंद्रिय घाणीचे जीवाणू विघटन करू शकतात. शिसे, कॅडमियम, पारा ही मात्र मूलद्रव्ये आहेत. ती नष्ट होत नाहीत, बाहेरच काढावी लागतात. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मानकातील मर्यादा लिटरमागे केवळ ०.०१ मिलिग्रॅम आहे.

धातू वेगळे करण्याचा एक जुना मार्ग म्हणजे द्रावक निष्कर्षण. पाण्यात न मिसळणारा द्रव पाण्याबरोबर घुसळायचा, धातूचे आयन त्यात ओढून घ्यायचे आणि दोन्ही थर विलग करायचे. अडचण अशी, की यासाठी वापरले जाणारे अनेक सेंद्रिय द्रावक स्वतःच बाष्पनशील, ज्वलनशील किंवा विषारी असतात.

१९१४ साली पॉल वाल्डेन यांनी सुमारे १२ अंश सेल्सिअसला वितळणाऱ्या एका क्षाराची नोंद केली. अशा ‘आयनिक द्रवां’ची वाफ जवळजवळ होतच नाही. १९९८ मध्ये अमेरिकेतील रॉबिन रॉजर्स यांच्या गटाने ते निष्कर्षणासाठी वापरले; २००१ मध्ये पारा व कॅडमियम पकडणारे खास आयनिक द्रवही घडवले. परंतु २००३ मध्ये याच गटाने दाखवून दिले, की यांपैकी एका लोकप्रिय द्रवाचे जलविघटन होऊन घातक फ्लुओराइड संयुगे निर्माण होऊ शकतात. बाष्पनशील नाही म्हणून हरित, हे समीकरण कोसळले.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये अँड्र्यू ॲबट व सहकाऱ्यांनी कोलीन क्लोराइड आणि युरिया १:२ प्रमाणात मिसळले. स्वतंत्रपणे ३०२ व १३३ अंशांना वितळणारे हे पदार्थ एकत्र येताच वितळणबिंदू १२ अंशांवर आला. हे झाले ‘डीप युटेक्टिक’ द्रावक. मात्र ते पाण्यात विरघळून जात. २०१५ मध्ये नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथे पाण्यापासून वेगळे राहणारे प्रकार तयार झाले. पुढच्याच वर्षी, खोबरेल तेलातही आढळणारे डेकॅनॉइक आम्ल आणि लिडोकेन हे भूल देणारे औषध यांच्या मिश्रणाने पाण्यातील धातू आयन काढून दाखवण्यात आले.

तरीही अशा द्रावकाचा थोडा अंश पाण्यात उतरतोच. म्हणून ‘हरित’ हे विशेषण सिद्ध करावे लागते: द्रावक पाण्यात किती मिसळतो, किती वेळा पुन्हा वापरता येतो आणि त्यातून काढलेला धातू अखेर जातो कुठे? वृषभावतीसारख्या नदीच्या दृष्टीने या तीन प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेतील यशाइतकीच महत्त्वाची आहेत.