एकशिक्षकी शाळेचा पूर्वेतिहास

पेशवाईचा अस्त होऊन मुंबई इलाख्यात कंपनीचा अंमल स्थिरावल्यावर नव्या सरकारने गावोगावच्या शाळांची जी मोजदाद करविली, तिच्या १८२९ सालच्या आकड्यांवरून सुमारे १,७०० शाळा आणि ३५,००० मुले, म्हणजे सरासरीने शाळेमागे वीसएक विद्यार्थी, असे प्रमाण निघते. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या सधन गृहस्थाच्या पडवीत भरणाऱ्या पंतोजींच्या या शाळांत इयत्ता नव्हत्या. धुळाक्षरे गिरवणारे पोर, पाढे घोकणारा मुलगा आणि मोडी पत्रे लावू लागलेला थोरला हे एकाच बैठकीत बसत, प्रत्येकजण आपापल्या गतीने पुढे सरके, आणि थोरल्याने धाकट्याचा हात धरून अक्षर वळवावे हा तेथील शिरस्ता होता. कनिष्ठ गणलेल्या जातींना आणि मुलींना या शाळांची दारे बहुधा बंद होती, हा त्यांचा दोष अक्षम्यच होय. परंतु एकट्या गुरूने अनेक पातळ्यांची मुले कशी सांभाळावी, या प्रश्नाचे उत्तर या शाळांत सापडले होते, हेही नाकारता येत नाही. थोरल्यांकरवी धाकट्यांस शिकविण्याची अशीच पद्धत मद्रासच्या अनाथालयात योजून अँड्र्यू बेल याने १७९७ मध्ये तिचे वर्णन विलायतेत प्रसिद्ध केले, जोसेफ लँकेस्टर याने तेथे तिच्याशी मिळतीजुळती रीत चालविली, आणि पुढे मुंबईच्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने ती नवी सुधारणा म्हणून आपल्या शाळांत आणली.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर स्वतंत्र शिक्षणखाते निर्माण झाले, आणि त्याबरोबर नेमलेली क्रमिक पुस्तके, इयत्ता, वार्षिक परीक्षा व डेप्युटींची तपासणी हा सारा सरंजाम खेड्यातील शाळेपर्यंत पोचला. माझ्या मते एकशिक्षकी शाळेच्या आजच्या दुखण्याचे मूळ येथे आहे. शाळेची अंतर्रचना इयत्तांवर उभी राहिली, पण मास्तरांची नेमणूक मात्र पटावरील डोकी मोजूनच मुक्रर होत राहिली. त्यामुळे ज्या गावी पट अल्प, त्या गावी चारही इयत्तांचा अभ्यासक्रम एकाच मास्तराच्या गळ्यात पडला, आणि पहिलीचा धडा चालू असता उरलेल्या तिघींनी पाटीवर काहीतरी उतरवीत बसावे, हा दिनक्रम ठरून गेला. त्या मास्तराचा दर्जा व वेतन यांविषयी १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, ते शेतकरी वर्गातून यावेत आणि त्यांना पुरेसा पगार मिळावा, अशी मागणी होती.

१९२९ मध्ये हार्टॉग समितीने एकशिक्षकी शाळांना शिक्षणातील अपव्ययाचे एक कारण ठरविले आणि विस्तारापेक्षा दृढीकरणाचा सल्ला दिला. या सल्ल्याला आपल्याकडून सर्वांत तडफेने विरोध केला तो शिक्षणतज्ज्ञ रा. वि. परुळेकर यांनी. निरक्षरांच्या या देशात गुणवत्तेच्या नावाखाली शाळा आखडत्या घेणे म्हणजे कोट्यवधी मुलांना कायमचे अंधारात ठेवणे होय, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. मोठे वर्ग चालतील, एकाच इमारतीत व एकाच शिक्षकाकडे पाळीपाळीने दोन तुकड्या चालतील, परंतु मूल शाळेबाहेर राहता कामा नये, ही त्यांची भूमिका. ही भूमिका मला आजही न्याय्य वाटते, कारण शाळाच नसलेल्या गावापुढे वर्गाच्या आकाराची चर्चा निरर्थक असते; मात्र जी तडजोड त्यांनी निकडीचा उपाय म्हणून सुचविली, तिलाच पुढील राज्यकर्त्यांनी काटकसरीची सोयीस्कर वहिवाट बनविले, आणि तिचा भार शिक्षकाने वाहिला.

स्वातंत्र्यानंतर वाडीवस्तीवर शाळा निघाल्या, १९६२ मध्ये त्या जिल्हा परिषदांच्या ताब्यात गेल्या, आणि १९८७ मध्ये खडू-फळा मोहिमेने प्रत्येक प्राथमिक शाळेत किमान दोन शिक्षक असावेत हे तत्त्व प्रथमच देशव्यापी योजनेत आणले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने त्याला कायद्याचे बळ दिले: पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, १२१ ते २०० ला पाच. पण याच कायद्याची परिशिष्टातील दुसरी तरतूद अधिक बोलकी आहे. सहावी ते आठवीसाठी प्रत्येक वर्गास किमान एक शिक्षक हवा, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे इयत्ता हे शिक्षकसंख्येचे एकक होऊ शकते, हे कायदेकर्त्यांना मान्य होते. केवळ ज्या वयात मूल अक्षराशी पहिली झुंज देते, त्या पाच इयत्तांना मात्र तो न्याय लागू केला गेला नाही. परिणामी आपल्या राज्यात संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेची मंजूर शिक्षकसंख्या ठरविण्यासाठी, ३० सप्टेंबरचा पट पाहिला जातो, एखादे कुटुंब गाव सोडून गेले म्हणून दोन नावे कमी भरली की एक शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो, आणि पाच इयत्तांची ती शाळा उरलेल्यांच्या हवाली होते.