हाताला वळण

1957 साली अमेरिकेच्या बेल लॅब्जमधील मॅक्स मॅथ्यूज यांनी संगणकाकडून सूर काढून घेतले. पण संगणक होता न्यूयॉर्कला आणि फितीवरचे आकडे आवाजात बदलणारे यंत्र न्यू जर्सीत. पंचकार्डे भरायची, फीत घेऊन परतायचे, मग सूर कानी पडणार. चुकला तर पुन्हा तीच वारी.

यावर उपाय म्हणून मॅथ्यूज आणि रिचर्ड मूर यांनी 'ग्रूव्ह' ही यंत्रणा उभारली. 1970 मध्ये तिची माहिती प्रसिद्ध झाली. आवाज अ‍ॅनालॉग यंत्रांतून निघे आणि त्यांची जोडणी तारा खोचून करावी लागे. संगीतकार नॉब फिरवी, जॉयस्टिक हलवी. आवाज लगेच बदले. संगणक हाताची हालचाल टिपून ठेवी, ती मागाहून दुरुस्तही करता येई.

लॉरी स्पीगेल यांनी या यंत्रणेवर अनेक वर्षे काम केले. 1977 च्या व्हॉयेजर तबकडीवर त्यांनी संगणकावर साकारलेली एक रचना आहे. तिथेच आपल्या केसरबाई केरकरांचे गाणेही आहे.

तख्तीवर मुलांकडून अलिफ, बे गिरवून घेताना मला ही गोष्ट आठवते. चूक तिथल्या तिथे कळली, तरच हाताला वळण लागते.