लुगडे, छीट आणि गंजीफ्रॉक

ऑक्टोबर उजाडला की पर्वरीच्या मॉलमधल्या आणि पणजीतल्या मोठ्या दुकानांतल्या पुतळ्यांच्या अंगावर स्वेटर चढतात. बाहेर अंगाची लाही होत असते, भाताची कापणी चालू असते, आणि काचेपलीकडचा पुतळा मात्र गळ्यापर्यंत लोकरीत! तांबूस, करडा, मोहरीच्या फुलासारखा पिवळा, चौकड्यावर फुलांची छपाई, असा सगळा सरंजाम. कंपनीचे कॅलेंडर लंडनचे, त्याला आपण काय करणार? मोपाला विमानतळ झाल्यापासून (पहिले विमान जानेवारी २०२३ मध्ये उतरले) उत्तरेकडचे पाहुणे डिसेंबरात जाकिटे घालून थेट पेडण्यात उतरतात आणि टॅक्सीत बसण्याआधी ती काढून हातावर घेतात. त्यांचीही चूक नाही.

पण ही दुकाने पाहिली की एक विचार हमखास येतो. शरद ऋतूत नवे कापड, नवे रंग ही काही लंडनची मक्तेदारी नव्हे. आपल्याकडे चवथीला नवे कपडे, दसऱ्याला नवे कपडे, दिवाळीला पुन्हा जमले तर. मग पेडणे-डिचोलीकडच्या माणसाच्या पेटीत शंभर वर्षांपूर्वी कोणता रंग, कोणती नक्षी, कोणती वीण होती? गोव्याचा पोशाख म्हटला की हल्ली डोळ्यांसमोर दोनच चित्रे येतात. एक मांडो नाचणाऱ्या बायकांचा 'पानो भाजू' आणि दुसरे लाल चौकड्यांची कुणबी साडी. दोन्ही सुंदर. पण दोन्ही प्रामुख्याने दक्षिणेकडची, सासष्टी आणि त्याच्या आसपासची. आमच्या बाजूच्या लोकांनी काय उघड्याने दिवस काढले?

याचे उत्तर इतिहासात आहे. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने एक फर्मान काढले. ख्रिस्ती झालेल्यांनी हिंदू चालीरीती पाळू नयेत, म्हणून मनाई केलेल्या गोष्टींची लांबलचक यादीच त्यात होती. तुळस, लग्नातली गाणी, विडे, आणि त्यातच पुरुषांचे पुडवे आणि बायकांची चोळी. राज्यकर्ता माणसाच्या देव्हाऱ्यापाशी न थांबता त्याच्या कपड्यांच्या पेटीपर्यंत पोचला! कपडा ही किती मोठी ओळख असते हे त्या पाद्रींना आपल्यापेक्षा चांगले कळले होते असे म्हणावे लागेल.

पण १७३६ साली पेडणे आणि डिचोली पोर्तुगीजांकडे नव्हतीच. दोन्ही महाल सावंतवाडीच्या भोसल्यांकडे होते. डिचोली पोर्तुगीजांकडे गेली १७८१ मध्ये, सत्तरी १७८२ मध्ये आणि पेडणे कायमचे गेले १७८८ मध्ये. तोवर इन्क्विझिशनचा जोर ओसरला होता आणि १८१२ साली ते बंदच झाले. नव्या काबिजादीतल्या लोकांच्या चालीरीतींना हात लावणार नाही, हे तर पोर्तुगीजांनी मान्यच केले होते. परिणाम असा, की जुन्या काबिजादीत पेहरावाची जी उलथापालथ झाली ती आमच्याकडे झाली नाही. पेडण्याची बाई आणि बांद्याची बाई दूरवरून चालत आली तर कोण कुठली हे लुगड्यावरून सांगता आले नसते. काष्टीचे नऊवारी लुगडे, खणाची चोळी, डोक्यात अबोलीचा नाहीतर सुरंगीचा वळेसर.

लुगडी येत ती घाटावरून. बेळगावला चिकटून असलेले शहापूर हे विणकरांचे गाव, आणि त्यापलीकडे इरकल, जिथली साडी आपण आजही इरकली म्हणून ओळखतो. इरकलीची गंमत अशी की अंग एका रंगाचे आणि पदर तांबडा. दोन्हींचे धागे मागावरच एकमेकांत अडकवून जोडलेले, शिवलेले नव्हेत. चोळीचा खण गुळेदगुड्डचा. तो लुगड्याला जुळणारा घ्यायचा अशी चालच नव्हती! हिरव्या लुगड्यावर जांभळा खण, काळ्या चंद्रकळेवर तांबडा, मोरपंखीवर अंजिरी. आज फॅशनच्या पुरवणीत 'विरोधी रंगांचे धाडस करून पाहा' असा सल्ला वाचला की हसू येते. 'मॅचिंग ब्लाउज' ही कल्पना नंतरची. पाचवारी गोल साडी शहरातून आली तिच्यासोबत ती आली. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी शाळा निघाल्या, घाटावरून आणि मालवणपट्ट्यातून शिक्षिका आल्या, त्यांच्या गोल साड्या पाहून मुलींनी काष्टी सोडली. शाळेने अक्षरे दिली आणि नेसणही बदलले. याची नोंद शिक्षणखात्याच्या कुठल्याच फायलीत मिळणार नाही.

रंगांचे हे स्वातंत्र्य मात्र सर्वांना नव्हते, हेही लिहायला हवे. जुन्या पोशाखाचे गोडवे गाताना आपण हे हळूच गाळतो. नवऱ्यामागे ब्राह्मण घरातल्या बाईच्या वाट्याला तांबडे आलवण येई. तोच तांबडा नवरीला मंगल आणि विधवेला शिक्षा. हिरवा तर तिला कायमचा बंद. कोणी किती आखूड नेसावे, कोणी चोळी घालावी, कोणी घालू नये, हे जातीवरून ठरे. शेतात चिखलात राबणाऱ्या बाईचे लुगडे गुडघ्यापर्यंत असे त्यात सोय होती हे खरे, पण ऐपतही होती आणि धाकही होता. आज दुकानात शिरून हवा तो रंग उचलणारी मुलगी लंडनची नक्कल करते म्हणून तिला नावे ठेवण्याआधी तिच्या पणजीला काय उचलता येत नव्हते ते आठवावे.

आता छपाईकडे येऊ. आमच्याकडे नक्षी आली ती मुख्यतः मागावरच. काठ, चौकडा, पट्टा हे सारे धाग्यांच्या रंगातून. छापलेले कापड म्हणजे छीट. त्याचे परकर होत, गोधडीचे अभ्रे होत. मानाच्या ठिकाणी छीट फारशी चालत नसे. पण ह्या शब्दाचा प्रवास पाहा. आपल्या छिटाला पोर्तुगीजांनी 'शिता' केले, इंग्रजांनी 'चिंट्झ' केले. हिंदुस्थानी छिटाने युरोपला असे वेड लावले की तिथले विणकर उपाशी मरायची पाळी आली. फ्रान्सने १६८६ मध्ये बंदी घातली, इंग्लंडने १७०० आणि १७२१ मध्ये कायदे केले. गोव्यात चोळीवर बंदी, पॅरिसात छिटावर बंदी! काही काळ तर दोन्ही बंद्या एकाच वेळी चालू होत्या. फ्रान्सने १७५९ साली ती उठवली.

आपण छीट दिली, त्याबदल्यात आपल्याला काय मिळाले? काज. होय, गुंडी ज्यात अडकवतो ते काज मूळ पोर्तुगीज 'काझा', म्हणजे घर. गुंडीचे घर. फीत तिकडचीच. कोंकणीत तर बुताव, खमीस, कालसांव, मोज्यांना मेयां, सगळी फौजच आहे. अंगाभोवती गुंडाळायचे ते कापड आपले आणि शिवून अंगात घालायचे ते त्यांचे, अशी ढोबळ वाटणी शब्दांतच झालेली दिसते.

आणि लोकर? आपल्याकडे लोकर म्हणजे घोंगडी. आमच्या बाजूला कांबळ म्हणतात. तीही घाटावरच्या धनगरांची. मेंढीची लोकर, खड्ड्यातला माग, वर चिंचोक्याची खळ. त्या खळीने ती ताठ होते आणि पावसाचे पाणी चटकन आत शिरत नाही. म्हणजे आमच्याकडे लोकरीचा मोसम थंडीचा नव्हे, पावसाचा! इरले नसेल तर डोक्यावरून कांबळीची खोळ घेऊन माणूस नांगराला जाई. शरद आला की ती कांबळ उन्हात तापवून वळईवर टाकायची. लंडनच्या नेमके उलट. तिथे शरदात लोकर पेटीतून निघते, इथे ती शरदात आत जात असे.

सुयांवर विणलेला कपडा ही निराळी गोष्ट. मागावर उभे-आडवे धागे असतात, सुईवर एकच धागा फासात फास घालत जातो, म्हणून तो कपडा ताणला जातो आणि पुन्हा जागेवर येतो. मराठीने दोन्हींना 'विणणे' असे एकच क्रियापद ठेवले, कारण दुसरी रीत आपल्याकडे उशिरा आली. ती आली तीही दोन वाटांनी. एक शाळांतून, कॉन्व्हेंटांतून आणि मासिकांतून : 'दोन सुलट, एक उलट' करत बायकांनी पुतण्या-भाच्यांची टोपरी आणि पायमोजे विणले. (सरकारी कचेऱ्यांत टेबलाखाली स्वेटर विणले जातात हा आम्हा कारकुनांवरचा जुना आरोप. हल्ली मोबाईल आल्यामुळे आम्ही त्यातून सुटलो आहोत.) दुसरी वाट पुरुषांची, आणि ती जास्त रंजक. गंजीफ्रॉक!

गंजीफ्रॉक म्हणजे 'ग्वर्नसी फ्रॉक'. इंग्लिश खाडीत ग्वर्नसी नावाचे बेट आहे. तिथल्या दर्यावर्दींचा जाड लोकरीचा, घट्ट विणीचा अंगरखा त्या नावाने प्रसिद्ध झाला. शेजारचे बेट जर्सी, त्यावरून आपली जर्सी. बोटींबरोबर आणि गिरण्यांबरोबर फिरत फिरत ग्वर्नसीचे झाले गंजी, लोकरीचे झाले सूत, आणि थंड समुद्रावरच्या खलाशाचा स्वेटर घामाने निथळणाऱ्या आमच्या बागायतदाराच्या अंगावर आला. 'बनियन'ची कथा तर आणखी उलटी. मूळ शब्द आपला वाणी. गुजराती वाण्यांना पोर्तुगीज 'बानियान' म्हणत. त्यावरून युरोपात घरी घालायच्या सैल झग्याला ते नाव पडले, आणि तेच नाव पुढे परत येऊन आतल्या गंजीवर बसले. तेव्हा दुकानातला स्वेटर घातलेला पुतळा परका वाटण्याचे कारण नाही. त्याचा सख्खा भाऊ पेडण्याच्या प्रत्येक अंगणात दोरीवर वाळत असतो. सदरा न घालता पुडवे आणि गंजीफ्रॉक हा आमच्या आजोबांच्या पिढीचा खरा पोशाख. त्याचे चित्र मात्र कुठल्याही पर्यटन पत्रिकेवर नाही.

चित्र आहे ते कुणबी साडीचे. ही साडी हातमागाची, जाड सुताची, लाल अंगावर पांढरे चौकडे, गुडघ्यापर्यंत नेसायची, पदराची गाठ खांद्यावर. विसाव्या शतकात गोव्यातले माग थंडावत गेले आणि ती दिसेनाशी झाली. कोलवाळचे वेंडेल रॉड्रिक्स यांनी २०१० साली दिल्लीच्या फॅशन वीकमध्ये ती पुन्हा आणली. लांबी वाढवली, रंगांचे प्रयोग केले. २०१२ साली त्यांनी गोव्याच्या पेहरावावर 'मोडा गोवा' हा ग्रंथही लिहिला. २०२० मध्ये ते गेले. त्यांच्या कामाविषयी मला आदरच आहे. कोणीतरी पुन्हा मागाकडे वळले हे त्यामुळेच. पण आता समारंभांत 'कुणबी' म्हणून जे मिळते त्यात बरेचसे छापील पॉलिस्टर असते. चौकडा विणलेला नाही, वरून छापलेला. उलटून पाहा, मागची बाजू फिकी दिसेल. जी साडी नेसते म्हणून त्या बाईला बाजारात कोणी बसायला जागा देत नसे, तिचे चित्र पाचशे रुपयांच्या कपड्यावर छापून आपण हौसेने मिरवतो, आणि मागावर बसणाऱ्याला त्यातले काहीच पोचत नाही. हे मला टोचते.

आणि आमच्या नव्या काबिजादीच्या लुगड्याला तर कोणी रॉड्रिक्सही भेटला नाही. ते जिथे अजून मानाने दिसते ती जागा म्हणजे देवाची तरंगे. दसऱ्याला आणि कोजागिरीच्या पुनवेला पेडण्याच्या भगवतीकडे रवळनाथ-भूतनाथाची तरंगे नटतात. उंच खांबाला घडीवर घडी अशी रंगीत लुगडी बांधलेली, एकाशेजारी एक विरोधी रंग. मघाशी सांगितलेली सारी रंगांची हिंमत तिथे शाबूत आहे. पण जवळ जाऊन हात लावून पाहा. सुताची किती आणि सुरतेची किती? देवीला वाहिलेल्या साड्यांची पावणी होते तेव्हाही हाच प्रश्न मला पडतो.

जुनी लुगडी संग्रहालयात नाहीत, कारण ती वापरून वापरून फाटेपर्यंत नेसली गेली आणि मग त्यांची वाकळ झाली. सर्वांत वर छीट, तिच्याखाली कोणाच्या तरी लग्नातली इरकली, त्याखाली मुक्तीच्या आसपासची नायलॉनची साडी, मधे भर म्हणून आजोबांचे गंजीफ्रॉक. पेडणे-डिचोलीच्या कपड्यांचा इतिहास असा थरांनी शिवून ठेवलेला आहे आणि आपण तो दिवाळीच्या साफसफाईत पंचायतीच्या कचरागाडीत देतो. यंदा देण्याआधी एक कोपरा उसवा. घरात सत्तरी ओलांडलेली कोणी बाई असेल तर तिला शेजारी बसवा आणि एकेका तुकड्याचे नाव विचारून वहीत लिहून घ्या. 'हें कसलें गे आजी?' एवढा एक प्रश्न पुरतो. पुढचा सगळा दिवस तीच बोलेल.