बहरी

अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे उपनाम. फिरिश्ताच्या मते घराण्याचा मूळपुरुष मलिक हसन हा पाथरीच्या (जि. परभणी) ब्राह्मण कुलकर्ण्यांपैकी, मूळ नाव तिमाभट, बापाचे बहिरू ऊर्फ भैरव. विजयनगरच्या स्वारीत तो बहमनींच्या हाती लागला आणि मुसलमान झाला. फारसी जिभेवर ‘बहिरू’चे ‘बहरी’ झाले. बहरी म्हणजे ससाणा; त्यामुळे काही जण ही पदवी शाही शिकारखान्याशी जोडतात, पण ही जोड मागाहून सुचलेली वाटते. हसनचा मुलगा अहमद 1490 मध्ये स्वतंत्र झाला. नातू बुऱ्हाण याने वडिलोपार्जित पाथरीसाठी वऱ्हाडच्या इमादशहाशी लढाई केली.

या नावाला स्त्रीरूप नाही. रशियन रोमानोव्ह घराण्यातली मुलगी रोमानोव्हा होते; हुसेन निजामशहाची मुलगी मात्र ‘चाँद बीबी’ किंवा ‘चाँद सुलताना’. स्त्रीत्व दाखवायचे काम पदवी करते, उपनाम तसेच राहते. मराठी आडनावांचेही तेच: भोसले घराण्यातला मुलगा भोसले, मुलगीही भोसलेच. ‘-ईण’ लागते ती बोलीत, आणि बहुधा बायकोला: पाटलाची पाटलीण, कुलकर्ण्याची कुलकर्णीण. तिमाभट पाथरीतच वतन सांभाळत राहिला असता, तर त्याच्या बायकोला गावाने बिनदिक्कत कुलकर्णीण म्हटले असते. ‘बहरीण’ मात्र कोणी झाली नाही. घराणी चालवायच्या संगणकीय खेळांत रशियन धर्तीचा स्त्रीप्रत्यय दख्खनी नावांना लावणे म्हणूनच चूक ठरते.