गोंदण आणि मालकी

माझ्या आजीच्या कपाळावर चंद्रकोर गोंदलेली होती आणि हातावर तुळशीवृंदावन. १९५६ च्या धर्मांतरानंतर आमच्या घरातले देव नदीत सोडण्यात आले. कातड्यातली तुळस मात्र सोडता आली नाही. मी एम. ए. झालो तेव्हा फोटो काढताना मीच तिला म्हणालो, "आजे, पदर जरा कपाळावर घे." तिने मुकाट्याने घेतला. घराण्यातला पहिला पदवीधर आजीच्या कपाळाची लाज धरीत होता! आज ती नाही. ती लाज माझ्यात कोठून आली, हा प्रश्न मात्र मला सोडत नाही.

आपले कलासमीक्षक गोंदणाला लोककला म्हणतात. सुईने आणि काजळीने उमटवलेली ती नक्षी देखणी असते, हे खरेच. परंतु माणसाचे शरीर हीच कलाकृती मानायची, तर तिची मालकी कोणाची, हे आधी विचारले पाहिजे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने १७९७ मध्ये बंगाल इलाख्यात जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर त्याचा गुन्हा गोंदण्याचा नियम केला. कैदी पळाला तरी त्याच्या कपाळानेच त्याला पकडून द्यावे, हा हेतू. १८४९ मध्ये ही प्रथा कायद्याने बंद झाली. तोवर माणसाचे कपाळ सरकारी दप्तराचे पान झाले होते. कैदी पागोटे खाली ओढून ते झाकीत.

जातिव्यवस्थेला तर सुईचीही गरज पडली नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले, की जात ओळखू येईल अशी लुगड्याची पद्धत आणि कथलाचे दागिने टाकून द्या. दागिना उतरवता येतो. गोंदण उतरत नाही.

याच्या उलट छत्तीसगढचे रामनामी पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चारपारा गावच्या परशुराम या सतनामी चांभाराने हा पंथ सुरू केला. ज्यांना देवळात मज्जाव होता, त्यांनी 'राम' हा शब्द कपाळापासून पायापर्यंत अंगभर गोंदवून घेतला. मी बौद्ध आहे. रामनामात मला मुक्ती दिसत नाही. तरीही ज्या अंगाला विटाळ मानले, तेच अंग त्यांनी आपल्या हुकमाने लिहून काढले, हे मान्य केले पाहिजे. आज त्यांची तरुण मुले बहुधा असे गोंदवून घेत नाहीत. तो नकारही तितकाच त्यांच्या हक्काचा आहे.

आजीला गोंदले तेव्हा ती सहा-सात वर्षांची होती. आयाबायांनी तिचे हातपाय दाबून धरले होते. पुढे मात्र तीच अभिमानाने म्हणायची, "मेल्यावर संगं एवढंच येतं." तिच्या गोंदणाला नुसती कला म्हटले तर त्या पोरीचे रडणे पुसले जाते, नुसती गुलामीची खूण म्हटले तर म्हातारीचा अभिमान. तिला कपाळ झाकायला लावण्याचा अधिकार मला कोणी दिला होता?

परवा एक विद्यार्थी मनगटावरचे 'जय भीम' दाखवून म्हणाला, "सर, मुलाखतीआधी हे काढून टाकू का?" ठेवणे वा काढणे त्याच्या मर्जीचे, मनगट त्याचे आहे. पण भाकरीसाठी त्याला हा प्रश्न विचारावा लागतो, ती व्यवस्था बदलणे हे आपणा सर्वांचे काम आहे.